खोडरबर बाई आणि एक जोडाक्षर

हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं, रोज त्यापुढे सही व्हायची, पण ते नाव मुख्याध्यापिका सिस्टर सोडल्या तर कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मुलं त्यांना खोडरबर बाई म्हणायची. समोर नुसतं बाई, पाठ वळली की खोडरबर. बाईंना हे कळत नाही अशी मुलांची समजूत होती. एकतीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईपासून आपण काही लपवू शकतो, असं फक्त मुलांनाच वाटू शकतं.

नाव पडायला कारण होतं. बाईंच्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात एक मोठं पांढरं खोडरबर असायचं. वहीत चूक दिसली की बाकीच्या शिक्षिका लाल शाईने गोल काढून मोकळ्या व्हायच्या. बाई तसं करत नसत. त्या मुलाशेजारी बाकावर टेकायच्या, स्वतःच्या हाताने चुकलेला शब्द खोडायच्या, चुरा फुंकरून टाकायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता लिही." चूक कागदावर उरलीच नाही की मुलाला तिची लाज वाटायचं कारण नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चांगलाच होता. माणूस चांगल्या हिशेबानेसुद्धा कसा फसतो, ते पुढे येईल.

शाळा नन्सची होती. चार इयत्ता, आठ खोल्या, लांब व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला छोटं चॅपेल, म्हणजे प्रार्थनेची खोली. बाई तिसरीला सगळे विषय शिकवायच्या, पण त्यांचा जीव होता धर्मशिक्षणाच्या तासात. दरवर्षी वीस-बावीस मुलं पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे पहिल्या कम्युनियनला, बसायची. त्याआधी चर्चमधले फादर येऊन एकेका मुलाची तोंडी परीक्षा घ्यायचे: प्रार्थना, आज्ञा, संस्कार. एकतीस वर्षांत बाईंचं एकही मूल अडलं नव्हतं. फादर बदलत राहिले. कुणी कडक, कुणी विसरभोळे, कुणी परीक्षा घेता घेता डुलक्या काढणारे. पण बाईंच्या मुलांबद्दल सगळ्यांचं मत एकच. शब्द न् शब्द सुटा, जोडाक्षर न् जोडाक्षर जागेवर.

त्यामागे बाईंचे वडील होते. ते गवंडी. ओळंबा लावावा तशी सरळ भिंत उभी करायचे, पण अक्षरशत्रू. प्रार्थना सगळ्या कानांनी ऐकून पाठ केलेल्या. बाई आठ वर्षांच्या असताना त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, आणि त्या वेळच्या म्हाताऱ्या फादरांची टूम अशी की आधी मुलांच्या वडिलांनी उभं राहून श्रद्धेची प्रार्थना म्हणायची. तिच्यात येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पोंती पिलात नावाचा सुभेदार येतो. गवंड्याने आयुष्यभर जे ऐकलं तेच मोठ्या आवाजात म्हटलं, "पोटी पिल्लाच्या वेळी त्याने दुःख भोगलं." फादर म्हणाले, "कुणाचं पिल्लू, मिस्त्री?" सगळं चर्च हसलं. पांढऱ्या फ्रॉकमधली पोर पहिल्या बाकावर बसून हे ऐकत होती.

गवंड्याने चर्च सोडलं नाही. मरेपर्यंत दर रविवारी तो शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. फक्त पुन्हा कधी त्याचे ओठ हलले नाहीत. सगळे प्रार्थना म्हणत असताना तो तोंड मिटून समोर बघत राहायचा. त्या मिटलेल्या ओठांकडे बघत बाई मोठ्या झाल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाला कुणी असं हसता कामा नये, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली होती. लग्न त्यांनी केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. वडील गेल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या, आणि कपाटावर वडिलांची थापी आणि ओळंबा अजून ठेवलेला होता.

आता शेपटीबद्दल.

शेपटी म्हणजे शाळेच्या रंगाऱ्याची मुलगी. दर सुट्टीत रंगारी शाळेच्या भिंती रंगवायला यायचा, तेव्हा ही पोर त्याच्या मागे मागे फिरायची. तो शिडीवर तर ही शिडीखाली, तो डबा घेऊन पुढे तर ही ब्रश घेऊन मागे. रंगारीच हसून म्हणायचा, "माझी शेपटी आहे ती, कापली तरी जायची नाही." तेव्हापासून शाळेत तिचं तेच नाव झालं. तिसरीत आली तेव्हा ती अंगाने अगदी बारीक होती, बोलायची हळू, पण अक्षर टपोरं. बाईंची आवडती. बाई कुणाला आवडतं-नावडतं करत नाहीत असं म्हणायच्या, पण कुणाच्या वहीशेजारी त्या जरा जास्त वेळ टेकतात ते वर्गाला दिसायचंच.

त्या वर्षी सुट्टीत रंगारी आला नाही. त्याच्या छातीत दुखणं भरलं होतं. इतक्या वर्षांचा रंग, चुना आणि घासकामाची धूळ आत जाऊन बसली होती. पावलं टाकली की धाप, बोललं की खोकला. शाळा सुरू झाली तेव्हा तो सरकारी दवाखान्यात होता, आणि तिथून तो परत येईल असं डॉक्टर काही ठामपणे म्हणत नव्हते. शेपटीची आई शिवणकामाच्या कारखान्यात जायची. ती संध्याकाळी कारखाना सुटला की मुलीला घेऊन दवाखान्यात जायची, आणि मग घरी.

रोज सकाळी प्रार्थनेला शाळेतली दोनशे चाळीस मुलं पटांगणात उभी राहायची आणि एका सुरात नमो मारिया, येशूच्या आईची प्रार्थना, म्हणायची. एका सुरात म्हटलं की एक सोय होते, कुणाची चूक कुणाला ऐकू येत नाही. म्हणून एक गोष्ट वर्षभर कुणाच्या लक्षात आली नाही. फादरांच्या परीक्षेला आठवडा उरला तेव्हा बाईंनी मुलांना एकेक करून टेबलापाशी बोलावलं आणि प्रार्थना म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि ती गोष्ट बाहेर आली.

शेपटी हात जोडून उभी राहिली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणू लागली. पहिला अर्धा भाग चोख. मग पवित्र मारियेला हाक मारून ती म्हणाली, "आमच्या पप्पांसाठी विनंती कर."

"थांब," बाई म्हणाल्या. "परत म्हण."

"आमच्या पप्पांसाठी विनंती कर."

वर्गात खुसखुस सुरू झाली. बाईंच्या कपाळावर आठी चढली ती त्या हसणाऱ्यांसाठी, शेपटीसाठी नव्हे. हे हसू आत्ताच्या आत्ता थांबवायला हवं, आणि चूक दुरुस्त झाली की हसू थांबतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाप्यांसाठी. "हे बघ बाळा. पला काना. मग अर्धा प, आणि त्याला जोडलेला य. पाप्यांसाठी. पापी म्हणजे पाप करणारे, म्हणजे आपण सगळे. तू अर्ध्या पला प जोडतेस, म्हणून पप्पा होतात. आम्हां पाप्यांसाठी. म्हण."

शेपटीने फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हणजे पप्पांसाठी कुणीच म्हणत नव्हतं?"

प्रश्न बाईंना नीट कळलाच नाही, खरं सांगायचं तर. टेबलापाशी अजून सहा मुलं उभी होती, तास संपत आला होता, मागच्या बाकावर कुणीतरी अजून फिदीफिदी करत होतं. त्या म्हणाल्या, "पप्पांसाठी वेगळी प्रार्थना असते. पुढे म्हण."

शेपटीने पुढे म्हटलं. अर्धा प, त्याला जोडलेला य. अगदी चोख. बाईंनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बाई रांगांमधून फिरत होत्या. त्यांची सवय अशी की त्या मुलांच्या ओठांकडे बघायच्या. तिसरीच्या रांगेत शेपटी हात जोडून उभी होती, डोळे उघडे, ओठ मिटलेले. दोनशे एकोणचाळीस तोंडं हलत होती आणि ते एक हलत नव्हतं. बाई तिथेच थांबल्या. तसे ओठ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले होते.

त्यांनी स्वतःची समजूत घातली की पोरीला बरं नसेल. पण तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. "प्रार्थना का म्हणत नाहीस गं?"

"मनात म्हणते."

"मनात म्हटलेली मला कशी कळणार?"

शेपटीने मान खाली घातली. मनात म्हणते ही तिची पहिलीच थाप असावी, आणि ती तिला पेलली नाही. "मनात पण म्हणत नाही, बाई," ती म्हणाली आणि वर्गात निघून गेली.

त्याच दुपारी तिची आई शाळेत आली. कारखान्यातून तासाभराची सुट्टी काढून आलेली, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. बाईंना वाटलं, दवाखान्यातली काही बातमी असेल. पण आई वेगळंच बोलू लागली.

"बाई, ती दवाखान्यात यायलाच तयार नाही. आज चौथा दिवस. रोज काहीतरी कारण. पोट दुखतंय, अभ्यास आहे. काल मी जरा रागावले तर रडत म्हणाली, मी पप्पांना खोटं सांगितलं, मी त्यांना तोंड कसं दाखवू."

"कसलं खोटं?"

आईने सगळं सांगितलं. वर्षभर पोर रोज संध्याकाळी बापाच्या खाटेशी बसून सांगायची की शाळेतली दोनशे चाळीस मुलं रोज सकाळी तुमच्यासाठी प्रार्थना करतात. रविवारी तर चर्चमधली सगळी माणसं. सगळे मोठ्याने म्हणतात, पप्पा, तुमचं नाव घेत नाहीत पण पप्पांसाठी म्हणतात. बाप हसायचा. शेजारच्या खाटेवरच्या लोकांना सांगायचा, आमच्यासाठी दोनशे चाळीस पोरं विनंती करतायत, तुमच्यासाठी आहे का कुणी. सगळ्या वॉर्डला त्याची गंमत वाटायची. आणि आता पोर म्हणते, ते सगळं खोटं होतं. बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं.

"तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे, बाई," आई घाईने म्हणाली. "तुमची तक्रार नाही. पण दिवस थोडे आहेत हो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तिचे पप्पा दारावरची नजर काढत नाहीत. तुम्ही तिला एकदा सांगा. ती तुमचं ऐकते."

ती तुमचं ऐकते. शिक्षिकेला याहून मोठी शाबासकी नसते, आणि बाईंना ती त्या क्षणी सोसवली नाही. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. आई गेल्यावर त्यांनी पर्स उघडली, पर्स बंद केली, पुन्हा उघडली. काय शोधत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शाळा सुटल्यावर त्या दवाखान्यात गेल्या. रंगारी खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. शिडीवर ताठ उभा राहणारा तो माणूस आता पांघरुणाखाली असून नसल्यासारखा दिसत होता. हातांच्या नखांत मात्र निळ्या रंगाची रेघ अजून होती.

"या बाई," तो म्हणाला. एका वाक्याला त्याला दोन दम घ्यावे लागत होते. "ती भिंत बघितलीत? एकच हात मारलाय. पुट्टी सुकायच्या आधी. पापुद्रे निघणार नाहीत तर काय. वर्षभर बघतोय. माझ्या हातात ब्रश असता तर..."

बाई स्टुलावर बसल्या. बोलायचं बरंच ठरवून आल्या होत्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळे ती येत नाहीये. मी तिचा शब्द सुधारला."

"माहीत आहे. तिच्या आईने सांगितलं."

"मला कल्पना नव्हती हो. मला वाटलं नेहमीसारखीच चूक."

रंगाऱ्याने पांघरूण वर ओढलं. मग हसला. "चूक होती ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, बाई. मीही तुमच्याच शाळेतला. पाप्यांसाठी, पप्पांसाठी नाही, एवढं मला येतं." खोकल्याची उबळ आली ती त्याने तोंडावर फडकं धरून जाऊ दिली. "पण मी कशाला सुधारू? पोर येऊन सांगायची, आज पण सगळ्यांनी म्हटलं पप्पा. ऐकायला बरं वाटायचं. वाटायचं, म्हणतही असतील. तिच्या तोंडाने तरी देवाला तसंच ऐकू जात असेल की."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात कधी कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वडिलांच्या मातीच्या वेळीही त्या रडल्या नव्हत्या. चूक दिसत असून ती तशीच राहू देणारा माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला होता, आणि तो आळशी नव्हता की अडाणी नव्हता. त्याचं पोरीवर प्रेम होतं, एवढंच.

"तिला पाठवा," रंगारी म्हणाला. "मला प्रार्थना नको, काही नको. नुसती येऊन बसू दे. शेपटी नाही तर कसं ओकंबोकं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी शेपटीला चॅपेलमध्ये नेलं. तिथे मारियेचा पुतळा होता, आणि तिच्या अंगरख्याचा निळा रंग दर सुट्टीत रंगारीच द्यायचा. या वर्षी तो दिला गेला नव्हता. दोघी पहिल्या बाकावर बसल्या.

"तू खोटं बोलली नाहीस," बाई म्हणाल्या. "खोटं वेगळं आणि चूक वेगळी. तुला जे खरं वाटत होतं तेच तू सांगितलंस."

"पण पप्पांना खोटंच कळलं ना?"

"पप्पांना ठाऊक होतं. त्यांनी मला काल सांगितलं. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं."

हे ऐकून पोर सुटेल असं बाईंना वाटलं होतं. शेपटी उलट आणखी गोंधळली. "मग त्यांनी मला चुकीचं का म्हणू दिलं? तुम्ही म्हणता ना, चूक दिसली की लगेच खोडायची. नाहीतर ती पक्की होते."

एकतीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून परत आलं. त्यांनी चाचपडत म्हटलं, "त्यांना ते आवडत होतं, बाळा. तू तसंच म्हण. पप्पांसाठी म्हण. माझी परवानगी आहे."

शेपटीने त्यांच्याकडे पाहिलं. आपली परीक्षा घेतली जातेय असं तिला वाटलं असावं. "नको," ती समजुतीने म्हणाली. "चुकीचं म्हटलं तर पोचणार नाही. तुम्ही ती दुसरी शिकवा ना बाई. पप्पांसाठी वेगळी असते ती. ती मी पाठ करते. मग पप्पांकडे जाऊन म्हणून दाखवते. म्हणजे आधीचं खोटं भरून निघेल."

बाईंनी तोंड उघडलं. अशी कुठली प्रार्थना त्यांच्या डोक्यात नव्हती. आजाऱ्यांसाठी पुस्तकात एक होती, पण ती लांबलचक आणि अवघड शब्दांची, पोर तिच्यात ठेचकाळली असती. आत्ताच्या आत्ता मनानेच काहीतरी साधं सांगावं, देवा माझ्या पप्पांना सांभाळ, एवढं म्हण आणि जा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. नाही असं नाही. पण प्रार्थना म्हणजे नीट हवी, छापलेली हवी, फादरांना दाखवता येईल अशी हवी. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"उद्या शिकवते," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. उद्या शाळा सुटल्यावर मी स्वतः तुला दवाखान्यात घेऊन जाईन."

त्या संध्याकाळी शेपटी खूश होती, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, आज नाही, उद्या, बाईंबरोबर, पप्पांसाठी एक गंमत आहे. आईने रंगाऱ्याला तो निरोप दिला. उद्या येणार म्हणते, गंमत घेऊन. त्याने विचारलं, उद्या किती वाजता.

बाईंनी घरी जाऊन कपाटातलं प्रार्थनेचं जुनं पुस्तक काढलं. आजाऱ्यांची प्रार्थना समोर ठेवून त्यांनी ती मुलीच्या जिभेला झेपेल अशी लिहायला घेतली. अवघड शब्द काढले, सोपे घातले. दोनदा खोडलं. शेवटी सहा ओळींचं एक चांगलं कार्ड तयार झालं. टपोरी अक्षरं, एकही अवघड जोडाक्षर नाही. फक्त एकच ठेवलं होतं: अर्धा प, आणि त्याला जोडलेला प. ते कार्ड त्यांनी पर्सच्या पुढच्या कप्प्यात, खोडरबराशेजारी ठेवलं.

सकाळी शेपटीची जागा रिकामी होती. हजेरी घेत असताना शिपाईकाका दारात आले आणि नुसते उभे राहिले. त्यांना काही बोलावं लागलं नाही. रंगारी पहाटे गेला होता.

त्याच दिवशी मातीला सगळी शाळा गेली. चर्चमधून घरी आल्यावर दुपारी रंगाऱ्याच्या घरी रोझरी, म्हणजे माळेवर दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत म्हणायच्या नमो मारिया, ठेवली होती. दोनच खोल्या, पण भिंती बघत राहाव्या इतक्या नितळ रंगवलेल्या. माणसं दाटीवाटीने सतरंजीवर बसली. शेजारणी, कारखान्यातल्या बायका, तिसरीची मुलं, मुख्याध्यापिका सिस्टर. पुढे कोण म्हणणार असं विचारल्यावर सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. रोझरीत अर्धी प्रार्थना पुढचं माणूस म्हणतं आणि उरलेली अर्धी बाकीचे. बाईंनी माळ हातात घेतली.

शेपटी आईला चिकटून बसली होती. शाळेचाच गणवेश, केसांना तेल लावलेलं. रडत नव्हती. पहिल्या दहा नमो मारिया झाल्या, दुसऱ्या झाल्या, तिसऱ्या झाल्या. बाई म्हणता म्हणता तिच्याच ओठांकडे बघत होत्या. ओठ मिटलेलेच होते. ही पोर आता कायमची शेवटच्या बाकावर जाऊन बसणार, आणि तिला तिथे आपणच नेऊन बसवलं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

चौथ्या दहा संपल्या तेव्हा बाईंनी काहीतरी ठरवलं. त्या सरकत सरकत शेपटीपाशी गेल्या आणि माळ तिच्या हातात दिली. "शेवटच्या दहा तू म्हण," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीचं आम्ही म्हणतो."

खोलीतली कुजबुज थांबली. शेपटीने आईकडे पाहिलं, मग माळेकडे. मणी बोटांत धरला आणि म्हणायला लागली. आवाज बारीक, पण शब्द न् शब्द सुटा. तिचा अर्धा भाग संपला. बाकीच्यांनी उरलेला सुरू केला, आणि त्या सगळ्या आवाजांत बाईंनी आपला आवाज चढवला. एकतीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. जाणूनबुजून, खणखणीत, त्या म्हणाल्या, "आमच्या पप्पांसाठी विनंती कर."

लोकांचा सूर अडखळला. सिस्टरांनी चमकून मान वर केली. बाईंना कुणाची पर्वा नव्हती. कोण हसायचं त्याने हसावं. त्या फक्त शेपटीकडे बघत होत्या. आता हिचा चेहरा उजळेल, आता ही ओळखेल की बाईंनी तिचा शब्द तिला परत दिला, आणि निदान ही प्रार्थना तरी तिच्या पप्पांसाठी होईल.

शेपटी थांबली. मणी तसाच बोटांत होता. ती बाईंच्या जवळ सरकली, आणि कुणी हसू नये म्हणून अगदी हळू, बाई बाकावर टेकून जशा बोलायच्या त्याच सुरात म्हणाली, "बाई, पाप्यांसाठी. अर्ध्या पला य."

बाईंचा हात पर्सवर गेला.

"पप्पांसाठी वेगळी असते," शेपटीने आठवण करून दिली. "ती तुम्ही आज शिकवणार होतात." मग बोटांतला मणी दाखवून, "हं, आता म्हणा."

पर्स बाईंच्या मांडीवर होती, कार्ड तिच्या पुढच्या कप्प्यात होतं. खोलीतली सगळी माणसं वाट बघत होती. बाईंनी हात जोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाप्यांसाठी हा शब्द त्यांनी फक्त स्वतःसाठी म्हटला. अर्धा प, त्याला जोडलेला य, अगदी चोख. शेपटीने मान हलवली, बरोबर म्हणून, आणि पुढचा मणी धरला.